पंचमीला चढवलेला साचा

निपाणीत विद्युल्लताबाईंच्या परसात धुण्याच्या दगडावर गोणपाट वाळत घातलेलं दिसलं, की शेजारच्या जयाबाईला न विचारता कळायचं, बेळगावचा भाऊ येऊन गेला. एरवी श्रीनाथ यायचा नाही. दिवाळीला फोन, राखीपौर्णिमेला फोन, आणि मेव्हणे गेले त्या तिथीला तर तोही नाही. पण कुठंतरी जुना बिडाचा साचा हाताला लागला, की दोन दिवसांत त्याची गाडी आक्काच्या दारात उभी. गोणपाटातलं वजन पायरीवर टेकवून तो आधी पाणी मागायचा, मग चहा, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "बघ गं आक्का, ह्याचं काय होतंय का."

आक्का बघायची. बासष्ट वर्षांची बाई. नवरा तंबाखूच्या वखारीत कारकून होता, तो नऊ वर्षांमागं गेला. मूलबाळ नाही. पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, जपाची माळ, आणि देवापुढं ठेवल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही, असा तिचा दिवस. घरात बोलायला कुणी नसल्यानं आवाज मुळातच हळू, तो आणखी हळू झाला होता. भाऊ आपल्याकडं काहीतरी मागायला येतो, एवढ्यावर ती महिनाभर हलक्या पायांनी चालायची.

साच्यांचं खूळ आठ वर्षांपूर्वीचं. बेळगावच्या कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथल्या भंगाराच्या ढिगातून श्रीनाथनं पहिला साचा उचलला. दोन जाड गोल तबकड्या, वहीसारख्या एकमेकांवर मिटणाऱ्या, आतून चौकटी-चौकटींच्या. बाहेर लांब दांडा. आणि सगळं एका कड्यावर बसवलेलं, म्हणजे भाजता भाजता साचा कड्यातल्या कड्यात उलटा करता यावा. श्रीनाथ उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर होता. लोखंड आणि बीड त्याला हातात घेतल्या घेतल्या कळायचं, पण ही वस्तू कशाची ते कळेना. मग मोबाईलवर शोधून समजलं, की हा वॉफलचा साचा. वॉफल म्हणजे गोऱ्या लोकांचं जाडजूड, खळग्याखळग्यांचं घावन. साचा सव्वाशे वर्षांचा तरी असावा, कुणा मिशनरी बाईच्या पेटीतून बोटीनं आलेला. त्या दिवसापासून त्याला नाद लागला. मिरजेचा जुना बाजार, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कॅम्पातले म्हातारे ख्रिस्ती लोक. कुठून कुठून त्यानं अकरा साचे जमवले. कुणी चौकटीचे, एक बदामाच्या आकाराचा, एक फुलांचा.

पहिला साचा त्यानं स्वतःच साफ केला होता. कारखान्यात नेऊन ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि चांदीसारखा लख्ख करून आणला. एका पावसाळी रात्रीत तो तांबडालाल झाला. मग त्याला आठवलं, की आईच्या वेळचा बिडाचा तवा आक्काकडं अजून चालू आहे आणि त्यावरचा दोसा फुंकर मारली तरी सुटतो. तो साचा घेऊन निपाणीला आला, आणि तिथून पुढं साच्यांची वाट निपाणीवरूनच जायला लागली.

आक्काची रीत ठरलेली होती. आधी चिंचेचं पाणी. त्यात पाऊण तासाच्या वर ठेवायचं नाही, नाहीतर आंबट लोखंडाला खायला उठतं. मग काथ्यानं घासायचं, खळग्यांच्या कोपऱ्यातली काजळी दाभणाच्या टोकानं उकरायची. धुतल्या धुतल्या मंद शेगडीवर वाळवायचं, वाऱ्यावर सोडायचं नाही. मग जवसाचं तेल, तेही घाण्यावरचं. तेल लावायचं आणि फडक्यानं असं पुसायचं, की जणू चुकून लागलं होतं आणि आता सगळं काढून टाकायचं आहे. जाड राहिलं तर चिकटा धरतो. त्यानंतर साचा निखाऱ्यावर पालथा. असं सहा वेळा, रोज एकदा. सहाव्या दिवशी बिडावर काळी, गार, जांभळासारखी कांती यायची.

आणि हे सगळं घड्याळाशिवाय. आक्काजवळ माळ होती. एक माळ जप झाला, की साचा निखाऱ्यावरून काढायचा. वॉफल भाजताना सत्तावीस मणी झाले की साचा कड्यात उलटा करायचा, आणखी सत्तावीस झाले की उघडायचा. वॉफलला अंडं लागतं असं श्रीनाथनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोशाचं आंबवलेलं पीठ जरा घट्ट ठेवून, त्यात गूळ आणि वेलदोडा घालून पहिला घाणा काढला, देवापुढं ठेवला, आणि मग भावाच्या ताटलीत वाढला. श्रीनाथनं चार खाल्ले.

साच्यांना तिनं नावंही ठेवली होती. एक थोरला, एक बदामी. एक रुसका होता. त्याला तीन महिने लागले, आठव्यांदा सगळी रीत पहिल्यापासून केली तेव्हा कुठं तो पीठ सोडायला लागला. जयाबाई विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन कुंपणापलीकडून बघत बसायची. एकदा म्हणाली, "आक्का, बाळंतिणीला बी येवढं तेल लावत न्हाईत गं." आक्का हसली. तिला ते बोलणं आवडलं होतं.

तिची व्रतं पुष्कळ होती, पण त्यातलं एक तिचं एकटीचं होतं. नागपंचमीचं. तसं पंचमीला चिरू नये, तळू नये, चुलीवर तवा चढवू नये, ही रीत त्या भागात घरोघरची. आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास करतात, तोही घरोघरचा. आता पुष्कळ घरांत ते सुटलं आहे, चपात्या लाटायला येणारी बाई पंचमी मानत नाही म्हणून. आक्काचं तसं नव्हतं. ती तेरा वर्षांची असताना श्रीनाथ पाच वर्षांचा होता. आई त्याच वर्षी गेली होती, स्वयंपाक हिच्याकडं आला होता, आणि श्रावणात श्रीनाथला मुदतीचा ताप आला. सतराव्या दिवशी पोर डोळे उघडेना. त्या दिवशी पंचमी होती. ती घरामागच्या वारुळापाशी गेली, दूध ओतलं आणि म्हणाली, की जन्मभर ह्या दिवशी माझ्या हातानं विस्तवावर लोखंड चढणार नाही, ह्याला तेवढं ठेव. संध्याकाळी श्रीनाथनं पेज मागितली. वडील म्हणाले, औषध लागू पडलं. लग्न होऊन निपाणीला गेली, सासू बोलली, नवरा एकदा आजारी असताना त्याला भाकरी पाहिजे होती, तरी तिनं तो शब्द पाळला. एकोणपन्नास पंचम्या झाल्या. श्रीनाथला ही गोष्ट ठाऊक होती. लहानपणी तोच सगळ्यांना सांगायचा, की आमच्या आक्कानं मला यमाकडून मागून आणलंय.

यंदा पंचमीच्या आठ दिवस आधी त्याचा फोन आला. नंदगडच्या रस्त्याला धवल नावाच्या एका माणसानं मोठं रिसॉर्ट काढलं होतं. त्याला अकराच्या अकरा साचे पाहिजे होते. नाश्त्याच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगायचे आणि दोन-तीन पाहुण्यांसमोर विस्तवावर चालू ठेवायचे. तो बघायला येणार होता. आक्कानं विचारलं, सगळे देणार? श्रीनाथ म्हणाला, सगळे. ठेवून करायचं काय, घरात जागा न्हाय, मधुवंती रोज बोलतीया. मग म्हणाला, तू पंचमीला येणारच हाईस न्हवं? ये म्हणजे झालं.

आक्कानं फोन ठेवला. साचे गेले की निपाणीला यायला त्याला कारण राहणार नव्हतं. पण 'ये' म्हणाला होता, तेवढं धरून ती आदल्या दिवशी लाल बसमध्ये बसली. आधारकार्ड दाखवून बायकांचं फुकट तिकीट घेतलं, मांडीवर लाह्यांची आणि तंबिटाच्या लाडवांची पिशवी. भावाचा उपवास होता, म्हणून वाटेत संकेश्वरला बस थांबली तरी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

भावजय मधुवंती वागायला वाईट नव्हती. तिनं आक्काला खोली दिली, मेंदी आणून ठेवली होती. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पीठ आंबायला ठेवलं होतं. आक्काला वाटलं, पंचमी झाल्यावर परवाच्या दोशांचं असेल.

सकाळी आक्कानं मातीच्या नागोबाची पूजा केली, दूध-लाह्या वाहिल्या, आणि पुरणाची दिंडं उकडायला लावली. उकडलेलं चालतं. वाफेचा वास घरभर झाला. ती ओट्यापाशी उभी होती, तेवढ्यात श्रीनाथ तीन साचे घेऊन आत आला. थोरला, बदामी आणि रुसका. तिला वाटलं, दाखवायला म्हणून पुसायचे असतील. तिनं फडकं पुढं केलं.

श्रीनाथनं ते ओट्यावर गॅसशेजारी ओळीनं मांडले. म्हणाला, अकरा वाजता येतील चौघंजण. गरम गरम काढून द्यायचे. पीठ तयार आहे.

"आज न्हाय रे," आक्का म्हणाली. "आज विस्तवावर लोखंड चढत न्हाय माझ्या हातानं. तुला ठाऊक हाय."

"तवा चढत न्हाय. हा तवा कुठं हाय? साचा हाय हा."

ती म्हणाली, लोखंड ते लोखंडच. उद्या बोलाव त्यांना. मी राहते. उद्या पन्नास माणसांना घालते, परवा घालते, पाहिजे तर आठ दिवस राहते. श्रीनाथ म्हणाला, ते लोक आज रात्री गोव्याला चाललेत, महिनाभर परत येत नाहीत, अशी माणसं आपल्या पंचमीसाठी थांबत नसतात. तो चिडला नव्हता. लहान पोराला समजवावं तसं समजवत होता, आणि बोलता बोलता साच्याच्या दांड्यावरची धूळ पुसत होता.

आक्कानं विचारलं, तारीख घेताना ध्यानात नव्हतं का, आज पंचमी आहे म्हणून.

श्रीनाथ पुसतच राहिला. उत्तर मधुवंतीनं दिलं, तेही अगदी साध्या मनानं, पिठात पळी फिरवत. "ध्यानात होतं की आक्का. म्हणून तर आजचीच घेतली. तुम्ही येणारच होता, मुद्दाम गाडी घेऊन निपाणीला आणायला जायला नको."

दिंडांच्या भांड्यावरचं झाकण वाफेनं खडखडत होतं. श्रीनाथनं बायकोकडं एकदा बघितलं आणि मग आक्काच्या जवळ आला. आवाज मऊ करून म्हणाला, "हे बघ. कुणासाठी धरतीस तू हे? माझ्यासाठीच न्हवं? मग मीच सांगतोय, सोड आज. ज्याच्यासाठी करायचं त्यालाच नको असलं, तर तू कुणासाठी धरून बसलीस?"

एकोणपन्नास वर्षांत हा प्रश्न तिला देवानं विचारला नव्हता, सासूनं विचारला नव्हता. ती म्हणाली, मला जमायचं नाही, आणि जपाची माळ घेऊन खोलीकडं वळली. दारापर्यंत गेलीसुद्धा.

मागं मधुवंती म्हणाली, जाऊ दे, मी घालते, त्यात काय एवढं. गॅस पेटल्याचा आवाज झाला. मधुवंतीनं रुसका उचलून कड्यासकट शेगडीवर ठेवला आणि गॅस पूर्ण मोठा केला. रिकामा साचा, वर तेलाचा हात नाही, आणि खाली रसरसून जाळ. दाराशी उभ्या असलेल्या आक्काच्या नाकाला तो वास आला. जवसाच्या तेलाची कांती करपायला लागली, की आधी किंचित खवट आणि मग कडू वास येतो. तीन महिने लागले होते त्याला. आणखी दोन मिनिटांत सगळं पापुद्रे धरून उडालं असतं.

ती कधी मागं आली ते तिलाच कळलं नाही. हात पुढं झाला, गॅस बारीक केला, साचा कड्यात उलटा झाला, फडक्याच्या बोळ्यानं तेलाचा हात फिरला. रुसका शांत झाला. आणि त्याचा गरम दांडा फडक्यात धरलेला असताना तिच्या ध्यानात आलं, की झालं. आपल्या हातानं विस्तवावर लोखंड आहे, आणि आज पंचमी आहे.

मधुवंती बाजूला झाली. म्हणाली, "बघा, तुमच्याशिवाय न्हाय जमत." श्रीनाथ बाहेर गेला, खुर्च्या लावायला.

मोडलंच आहे तर आता अर्ध्यात सोडून काय उपयोग, असं काही तिनं मनाशी ठरवलं नाही. हात चालू लागले होते, ते चालत राहिले. पळीभर पीठ मधोमध ओतायचं, साचा मिटायचा, चुरचुर ऐकायची. फक्त माळ तिनं हातात घेतली नाही. व्रत मोडत असताना देवाचं नाव कसं घ्यायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा बघून तिनं साचा उलटला, काटा बघूनच उघडला. मनात कुठंतरी खात्री होती, की चिकटणार. नामाशिवाय काढलेला घाणा सुटणार नाही, फाटून येणार, जळणार. आठ वर्षं ती मानत आली होती, की बिडाला जवस धरतं ते निमित्त, खरं धरतं ते नाम.

वॉफल अलगद सुटला. तांबूस, कडेला कुरकुरीत, एकेक खळगा रेखलेला. नेहमीपेक्षा बरा आला होता म्हटलं तरी चाललं असतं. बदामीतूनही तसाच सुटला, थोरल्यातूनही. ती ताटलीत रचत गेली. ह्याचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. जळला असता तर बरं झालं असतं.

धवल आणि त्याची माणसं बाहेरच्या खोलीत खात होती. माणूस तिशी-पस्तिशीचा, बोलायला आर्जवी. त्याला खरंच आवड दिसत होती. एकेक साचा हातात घेऊन तो उजेडात फिरवत होता. दोन्ही खोल्यांमध्ये नुसता पडदा होता, आत सगळं ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, इतकं सुंदर काम कुणाकडून करून घेता? असा काळा रंग मी परदेशातल्या संग्रहांत पण बघितला नाही.

"मीच करतो," श्रीनाथ म्हणाला. "उभा जन्म लोखंडात गेलाय माझा."

मग कुठलं तेल, किती वेळ, हे सगळं धवलनं विचारलं, आणि श्रीनाथ सांगत गेला. सूर्यफुलाचं तेल म्हणाला. तीन हात म्हणाला. जाड लावायचं म्हणाला. तो खोटं बोलतोय असंही आक्काला वाटलं नाही; त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आठ वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तसं केलं तर महिन्याभरात साचे चिकट होणार आणि पुढच्या पावसाळ्यात गंजणार. पडदा बाजूला करून एवढं सांगायला तिला चार शब्द लागले असते. तिनं ताटली भरली आणि पडद्याखालून मधुवंतीच्या हातात दिली.

धवल निघताना आत डोकावला. हात जोडून म्हणाला, "काकू, फार छान झाले होते. पीठ कशाचं ते सांगाल?" तिनं सांगितलं, दोशाचं. श्रीनाथ पाठीमागून म्हणाला, आमच्या आक्का. निपाणीला असतात. सणाला आल्या होत्या, म्हणून मदतीला बोलावलं. हात चांगला आहे स्वयंपाकाला.

सौदा ठरला. माणसं गेल्यावर श्रीनाथ स्वयंपाकघरात आला तो खुशीत. उरलेला एक वॉफल उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली, आणि आक्कापुढं येऊन छातीवर थाप मारली. "बघ आक्का. काय झालं मला? ठणठणीत उभा हाय तुझ्यासमोर. उगीच येवढी वर्षं उपाशी मारलीस स्वतःला."

मधुवंती हसली. श्रीनाथ हसला. आक्काही हसली, कारण तिघांत दोघं हसत असताना तिसऱ्यानं गप्प राहणं बरं दिसत नाही. मग तिनं दिंडं वाढली. ती गार झाली होती. श्रीनाथचं पोट भरलं होतं, त्यानं अर्धं खाल्लं.

दुपारी साचे खोक्यांत भरायचे होते. धवलचा टेम्पो पाच वाजता येणार होता. राहिलेले आठ साचे धवलनं बघितल्यावर पुन्हा भिंतीवर उंच खिळ्यांना टांगलेले होते. श्रीनाथ स्टुलावर चढला. स्टूल जुनं, एक पाय आखूड. तो साचा काढून खाली देत होता आणि आक्का घेत होती. तिसऱ्या साच्याला स्टूल डुगडुगलं. श्रीनाथचा तोल गेला. दोन्ही हातांत बिडाचं वजन, धरायला काही नाही. आक्का हातभर अंतरावर उभी होती.

तिचा हात हलला नाही.

श्रीनाथनं खांदा भिंतीला टेकवला आणि सावरला. शिवी हासडली, हसला, म्हणाला, पडलो असतो बघ. पुढचा साचा काढायला लागला. आक्का खाली तशीच उभी. काय झालं ते त्याला दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं. तो डुगडुगला त्या क्षणी तिच्या मनात भीती आली नव्हती. आलं होतं ते एवढंच, की बघ, आता कळेल तुला. आणि तो सावरला, तेव्हा आत काहीतरी खट्टू झालं होतं.

तिनं उरलेले साचे खोक्यात ठेवले. मधे मधे कागद घातला, दांड्यांना चिंध्या बांधल्या. रुसका हातात आला तेव्हा थांबली नाही. पाचच्या टेम्पोआधीच तिनं पिशवी घेतली आणि बसस्टँड गाठलं. मधुवंती म्हणाली, राहा की आक्का, साडी घ्यायची राहिली तुम्हाला. आक्का म्हणाली, पुढल्या वेळी. श्रीनाथला घाई होती, त्यानं रिक्षा करून दिली आणि दारातूनच हात केला.

निपाणीला आल्यावर जयाबाईनं चौकशी केली, पंचमी कशी झाली, भावानं काय घातलं. आक्कानं सांगितलं, चांगली झाली. साचे गेले म्हणाली. जयाबाई म्हणाली, बरं झालं, तुझे हात सुटले. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता येतोय व्हय भाऊ कवा?" आक्का म्हणाली, येईल की.

त्या दिवसापासून आक्का रोज संध्याकाळी श्रीनाथला फोन करायला लागली. आधी कधी करत नव्हती. त्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून. आता दिवा लावायच्या आधी फोन. बरा हाईस न्हवं? जेवलास? ताप-बीप न्हाय न्हवं? श्रीनाथ म्हणायचा, बरा हाय. एकदा त्यानं फोन तसाच चालू ठेवला आणि मधुवंतीला सांगताना आक्काला ऐकू आलं, की म्हातारपणी आक्काचा जीव लई गुंतलाय माझ्यात, रोज विचारती बिचारी.

ती कशासाठी विचारते हे तिला एकटीला ठाऊक होतं. 'बरा हाय' असं तो म्हणाला, की ती कान लावून ऐकायची. आवाज बसलाय का, खोकला आहे का, दम लागतोय का. एक दिवस फोन बराच वेळ कुणी उचलला नाही. वाजत राहिला. तेव्हा तिच्या छातीत जे धडधडलं, त्यात काळजी किती आणि दुसरं काय किती, हे तिनं मोजायचं टाळलं. मग श्रीनाथनं फोन उचलला. गाडी धूत होता.

देवापुढं बसली की तिचं रोजचं एक मागणं होतं. भावाला सुखरूप ठेव. एकोणपन्नास वर्षं ते श्वासासारखं निघायचं, वेगळं म्हणावं लागायचं नाही. आता म्हणावं लागायचं. एकदा म्हणून ती थांबायची, कारण पहिल्यांदा म्हटलेलं खरं नाही हे तिला कळायचं आणि समोर बसलेल्यालाही कळत असणार. मग दुसऱ्यांदा म्हणायची. तिसऱ्यांदा. कधी कधी समईतलं तेल संपत आलं तरी तेवढं एक वाक्य होत नसे.

भाद्रपदात तिनं मीठ सोडलं. मुदत तिथीची घातली नाही. ते वाक्य पहिल्या खेपेला मनापासून निघेल त्या दिवशी मीठ घ्यायचं, तोवर अळणी. महिना गेला, दसरा गेला. जयाबाई एकदा वांग्याची भाजी घेऊन आली, वाटी पुढं केली, आणि आक्कानं हात आडवा धरला तशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता हे आणि कुणासाठी गं आक्का?"

"भावासाठीच," आक्का म्हणाली, आणि अळणी भात कालवायला लागली.